न दाबलेलं बटण

१

टाक्या आठ. त्यातल्या सात भरलेल्या, एक रिकामी. रिकाम्या टाकीच्या, म्हणजे सात नंबरच्या, तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं आणि त्यात कोळंबीची केसाएवढी पिल्लं अजून वळवळत होती. मोजली तर एकतीस निघाली. कालपर्यंत याच टाकीत दोन लाखांच्या आसपास होती. बाकीची गटाराच्या तोंडाशी, वाळूवर, करड्या थरासारखी वाळत पडली होती आणि कावळ्यांची पंगत बसली होती. टाकीच्या बुडाशी निचऱ्याचा एक व्हॉल्व्ह, तो बंद. त्यावर हातानं फिरवायचं एक चक्र; चक्रावर चढलेला मिठाचा पापुद्रा कुठेही फुटलेला नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आठ टाक्यांच्या पातळीचे आठ आकडे, सातव्यापुढे ०.००. आणि कीबोर्डच्या सहा बटणांवर पांढरी भुकटी.

मोजून झाल्यावर मंगला चुरीला जरा बरं वाटलं. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेल्या या मुलीला कुठल्याही गोष्टीची भीती वाटली की ती आधी मोजायला लागायची.

दांडी गावाच्या टोकाला, सुरूच्या झाडांमागे ही हॅचरी होती. कोळंबीचं बी वाढवायचं आणि तळीवाल्यांना विकायचं, असा धंदा. मंगला पाण्याचा खारेपणा तपासायची आणि कॉम्प्युटर सांभाळायची. माहेर केळव्याचं, पानवेलीच्या वाडीतलं. नोकरीसाठी चिंचणीत एक खोली घेतली होती. शनिवारी दुपारी हॅचरीतून निघाली की सोमवार उजाडेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचं कारण पडत नसे. सोमवारी पहिलं वाक्य बोलताना आवाज घोगरा यायचा.

मॅनेजर कर्णिक आत आले ते तणतणतच. "कुणी हात लावला होता कॉम्प्युटरला? ही काय राख सांडलीय?" असं म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि मंगला 'सर, थांबा' म्हणेपर्यंत कीबोर्ड स्वच्छ पुसून टाकला.

सहा बटणं. पण कुठली सहा? ते तिनं पाहिलंच नव्हतं. नुसती मोजली होती.

२

"चोर घरातलाच आहे," कर्णिक म्हणाले. "टाकी रिकामी करायचा हुकूम 'रिकामी'. त्याच्यापुढे परवलीचा शब्द टाकावा लागतो आणि तो फक्त माझ्या डोक्यात आहे. विश्रामनं कधीतरी माझ्या खांद्यावरून बघितला असणार. काल पाळी त्याचीच. शेठ उद्या सकाळी येतायत. त्यांच्यासमोरच मी त्याला पोलिसांच्या ताब्यात देतो."

"पण सर, पिल्लं वाळूत मेलीत. चोरली असती तर—"

"मग खुन्नस म्हणा. त्यानं काय फरक पडतो?"

विश्राम तांडेल ओसरीवर उकिडवा बसला होता. साठीला आलेला माणूस. बोट विकल्यापासून हॅचरीतच राहायचा. टाक्यांच्या शेजारी त्याची खाट होती. बायको गेलेली, मुलगा शारजात.

मंगला त्याच्याजवळ पायरीवर बसली. "काका, काल संध्याकाळच्या भरतीला सात नंबरमध्ये पाणी तुम्हीच घेतलंत?"

"मीच. मी नाय बरली तर कोन बरनार?"

"चढताना पाहिलंत पाणी?"

"बघितलं की." तो समुद्राकडे बघत होता.

"हुकूम बरोबर टाइप केला होतात?"

विश्राम पहिल्यांदा हसला. "तो नचिकेत सायब माज्या मानगुटीवर बसून शिकवून गेलाय, बाय. बी, मग एच, मग ए, मग आर. म्हनायचा, काका, एच आला का जरा दम सोडायचा. मी म्हनलो, आमी दांडीची मानसं, आमचा दम सगला वल्हं मारन्यात जातो, बोलन्यात कुठून आनू? तरी पाठ केलं. अजगराला काय, तो नाय कंटालत."

अजगर म्हणजे पायथन. नचिकेत नावाच्या मुंबईच्या मुलानं टाक्यांचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला, तिचं नाव ते. नाव ऐकल्या दिवसापासून सगळ्या हॅचरीनं कॉम्प्युटरचं बारसं 'अजगर' असं करून टाकलं होतं. नचिकेतचं काम मात्र साधं-सुबक होतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द आणि टाकीचा नंबर टाकायचा, की टाकी तसं वागायची. भिंतीवर त्याच्या हातची पाटी अजून होती:

भर. थांब. हवा. दिवा. दाखव.
भाषा तुमचीच आहे. जसं बोलता तसं टाइप करा.

शब्द चुकला तर अजगर 'समजलं नाही' म्हणायचा आणि गप्प बसायचा. त्यानं कधी कुणाचं नुकसान केलं नव्हतं.

उठताना मंगलानं सहज विचारलं, "काका, टाकी रिकामी असली की पडदा शून्य दाखवतो ना?"

"कवाच नाय. दोन बोटं पानी रातंच ना खाली, नलीच्या तोंडाखालचं. चार सेंटीमीटर. अजगर तेबी मोजतो. कायम शून्य दशांश शून्य चार."

मंगला जागीच थांबली. आज सकाळी पडद्यावर शून्य शून्य होतं. आणि पाणी तर तेवढंच, दोन बोटं.

३

समुद्राकडच्या पंपघरात चिंतू राहायचा. विक्रमगडपलीकडच्या पाड्यावरचा, भात झोडून झालं की खाली यायचा आणि पाऊस लागायच्या आत परत जायचा. इथं त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून तो पंपाशी बोलायचा.

"मना नको इचारू, ताई. मी टाकीकडं गेलूच नाय."

"विचारत नाहीये. फक्त काल भरतीच्या वेळी पंप किती वेळ चालला, ते सांग."

चिंतूनं पंपाच्या पाठीवर थाप मारली. "ह्यो? ह्यो काल वाजलाच नाय. मी त्याला बोललू पन, काय रे, आज उपास हाय का तुजा? मना वाटला लाइट गेली."

"नक्की?"

"ह्याच्या बाजूला निजतू मी. बायको घोरती का नाय ते नवऱ्याला कलत नाय का?"

पंप चालल्याशिवाय समुद्राचं पाणी टाकीत चढत नाही. म्हणजे चढणारं पाणी विश्रामनं पाहिलं, हे खोटं होतं. मंगला वाळूतून परत निघाली. ज्याला वाचवायला ती धडपडत होती, तोच तिच्याशी खोटं बोलला होता. पलीकडे किनाऱ्यावर अणुवीज केंद्राची उंच चिमणी धुरकट उभी होती. तिला केळव्याची आठवण आली, उगीचच.

मग तिनं चालता चालता बोटांवर मोजायला सुरुवात केली.

'रिकामी सात.' इंग्रजी अक्षरं आर, आय, के, ए, एम. आय परत येतो, तो एकदाच धरायचा. त्यात मधली जागा, सात आणि एंटर. झाली आठ बटणं, आणि परवलीचा शब्द वेगळाच. सहात बसत नाही. म्हणजे कर्णिकांचं गुपित कुणी वापरलेलंच नव्हतं. 'थांब' आठ. 'दाखव' आठ. 'दिवा' सात बटणं. 'भर' सात. 'हवा'? एच, ए, डब्ल्यू, जागा, सात, एंटर. सहा!

ती जवळजवळ पळतच ऑफिसात शिरली आणि 'हवा सात' टाइप केलं. रिकाम्या टाकीच्या तळाशी नळीतून हवा आली, उरलेल्या पाण्यात बुडबुडे उठले. बस. व्हॉल्व्ह हललाही नाही.

आणि पांढरी भुकटी कशाची, हे अजून राहिलंच होतं.

४

ते तिला मागच्या चौथऱ्यावर दिसलं. लाडकी तिथं बादल्या घासत होती, ब्लिचिंग पावडरीनं. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

लाडकीचा नवरा एकदा मासेमारीला गेला तो आलाच नव्हता. ती हॅचरीत साफसफाई करायची आणि दांडीत एकटी राहायची. मंगलाला बघून तिनं हात पदराआड घेतले. मग तिलाच ते वेड्यासारखं वाटलं असावं, कारण तिनं ते पुन्हा बाहेर काढले.

"बात खाल्लास का, बाय?" तिनं विचारलं.

"नाही अजून. लाडकीमावशी, काल संध्याकाळी विश्रामकाका कुठे होते?"

लाडकीनं बादली पालथी घातली. 

"बोईसरला," ती म्हणाली. "दर बेस्तरवारी जातात. थितं एस्टीडी बूथवर पोऱ्याचा फोन येतो. येतो म्हंजे, यायचा. गनपतीपासून नाय आला. तरी जातात. बूथवाला दुकान बंद करेपर्यंत स्टुलावर बसतात नि शेवटच्या गाडीनं परत येतात. मला म्हनाले, वैनी, कुनाला सांगू नको, लोक हसतात. बरतीला तेवडी सात नंबर बर. मी सातवी शिकलेली, बाय. एबीसीडी येते मला."

"आणि तुम्ही भरलीत?"

"बरली! पाटीवर बघून बरली. बर सात. अजगर 'ठीक' म्हनाला. मोटर पन वाजली."

"कुठली मोटर?"

"हीच की, टाकीजवलची. घुंऽऽ करून. मग मी घरी गेले." तिचे डोळे भरून आले. "बावजी आता म्हनतात, वैनी, तू ब्र काडू नको, मी माजं बघतो. पन ते तुरुंगात गेले तर बूथवर कोन बसेल? पोऱ्याचा फोन त्याच बेस्तरवारी आला तर?"

मंगलानं तिचा ओला, पांढरा हात धरला. पण डोकं आतल्या आत मोजतच होतं. पंप समुद्राकडे असतो. टाकीजवळ मोटर एकच, निचऱ्याच्या व्हॉल्व्हची. बाईनं 'भर' म्हणून सांगितलं आणि अजगरानं 'ठीक' म्हणून टाकी ओतून दिली. हे कसं झालं?

५

प्रोग्रॅमची फ्लॉपी कर्णिकांच्या कपाटात होती. नचिकेत अमेरिकेला गेला होता. त्याला विचारायची सोय नव्हती. पण पायथनमध्ये लिहिलेलं उघडून वाचता येतं, इतकं मंगलाला ठाऊक होतं.

नचिकेतनं 'टाकी' नावाचा एक क्लास केला होता. टाकीला काय काय करता येतं, त्याचं ते वर्णन. त्यातल्या एकेका कामाला एकेक नाव दिलेलं. त्यांना मेथड म्हणतात. भर, थांब, हवा अशा. मंगलाला वाटलं होतं, पुढे कुठेतरी यादी असेल: हे पाच शब्द चालतील, बाकीचे चालणार नाहीत. यादी नव्हतीच. तिच्या जागी एकच ओळ होती. टाइप केलेला शब्द जसाच्या तसा उचलायचा आणि टाकीला विचारायचं, या नावाचं काही तुझ्यापाशी आहे का? असेल तर कर. नसेल तर 'समजलं नाही'.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. पाटीवर आहे का, असं अजगर विचारतच नव्हता. तुझ्यापाशी आहे का, एवढंच विचारत होता. म्हणजे नचिकेतनं स्वतःच्या सोयीसाठी आत जे काही लिहून ठेवलं असेल, तेही नाव घेताच हाकेला ओ देणार.

मग ती एकेक नाव वाचत खाली गेली. 'रिकामी': परवलीचा शब्द विचारते. बरोबर. त्याच्याखाली एक लहानशी मेथड होती, टाकी बसवताना एकदाच लागणारी. पाण्याची पातळी तळाशी पडणाऱ्या दाबावरून मोजतात; मोजणीचं शून्य ठरवायला टाकी आधी रिकामी लागते. म्हणून ही मेथड निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायची, दाब उतरायचा थांबला की व्हॉल्व्ह बंद करायची आणि त्या क्षणीच्या पाण्याला शून्य म्हणायची. तेव्हा नचिकेतनं टाकी फडक्यानं कोरडी करून घेतली असणार. काल कुणी कोरडी केली नव्हती. म्हणून तळाची दोन बोटंच शून्य होऊन बसली होती. बंद व्हॉल्व्ह, न फुटलेलं मीठ, टाकीजवळची मोटर, ०.००, सगळं इथं होतं.

मेथडचं नाव नचिकेतनं दाबाच्या एककावरून ठेवलं होतं. बी, ए, आर. बार.

त्यापुढे जागा, सात, एंटर. मंगलानं सहा बोटं मिटली. सातवं बटण कुणी दाबलंच नव्हतं.

तिला आठवलं, पालघरच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी ती 'आमी' म्हणाली तेव्हा मागचा बाक हसला होता. त्या वर्षी तिनं आरशासमोर उभं राहून 'आम्ही, तुम्ही, भात, भाकरी' असं घोकलं होतं. आता तिचे उच्चार स्वच्छ होते, आणि घरी गेल्यावर आई तिच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं जपून बोलायची. लाडकी मघा तिच्यासमोर दोनदा 'बर' म्हणाली होती, आणि मंगलाच्या कानांनी दोन्ही वेळा तो 'भर' करून घेतला होता.

६

संध्याकाळच्या भरतीला तिनं सात नंबरमध्ये नुसतं पाणी घेतलं, पिल्लांवाचून. मग कर्णिकांना बोलावलं. विश्राम आला. चिंतू दाराशी उभा राहिला. लाडकी मागं मागं सरत होती.

"सर, मावशींना एक हुकूम टाइप करू द्या. मावशी, पाटीवरचा पहिला शब्द. काल केलात तसाच."

"वैनी, नको," विश्राम म्हणाला. मग कर्णिकांकडे वळला. "सायब, मीच केलं. लिहून देतो."

"काका, तुम्ही केलं असतं तर टाकी भरली असती," मंगला म्हणाली. "तुम्ही एचला दम सोडता."

लाडकीनं पाटीकडे पाहिलं. ओठ हलले: बर. एका बोटानं तिनं अक्षरं शोधली. बी. ए. आर. जागा. सात. एंटर.

'ठीक', अजगर म्हणाला.

टाकीजवळ घुंऽऽ सुरू झालं. पंप गप्प होता. पडद्यावरचा सातवा आकडा उतरायला लागला आणि बाहेर गटाराला ओढ्यासारखा आवाज आला. कर्णिक उठून दारापर्यंत गेले, पाणी वाळूत जाताना बघत राहिले.

"माझा परवलीचा शब्द..." ते म्हणाले.

"कुणी विचारलाच नाही, सर. पुढच्या दाराला तुमचं कुलूप आहे. हे मागचं दार. आणि त्याचं नाव दांडीच्या भाषेत 'भर' आहे. नचिकेतनंच लिहून ठेवलंय, जसं बोलता तसं टाइप करा. मावशींनी तसंच केलं."

कर्णिकांनी पाटी पहिल्यांदाच वाचावी तशी वाचली. खिशातला रुमाल काढला. त्याला अजून पांढरं लागलं होतं. "हे मी सकाळी पुसलं नसतं तर..." ते म्हणाले. मग खुर्ची ओढून म्हणाले, "शेठना मी सांगतो. पोलीस-बिलीस काही नाही. पण विश्राम, पाळी सोडून गेलात हे बरोबर नाही. का गेला होतात?"

 उत्तर लाडकीनं दिलं, बूथचं, स्टुलाचं, सगळं. विश्राम तिच्यावर डाफरला, "तुला कुनी इचारलं?"

"तुमी तुरुंगात जायला निगाले तेवा मला कुनी इचारलं होतं?" लाडकी म्हणाली.

चिंतू दाराशी फिसकन हसला. कर्णिकांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग एका चिठोऱ्यावर नंबर लिहून विश्रामच्या हातात ठेवला. "मुलाला कळवा. इथं करायला सांगा. गुरुवारी खोली उघडी ठेवत जाईन."

त्या आठवड्यात मंगलानं प्रोग्रॅम बदलला. अजगरापुढे तिनं शब्दांची यादी ठेवली. यादीत असेल तेवढंच ऐकायचं. दाबाच्या मेथडचं नाव बदलून तिला यादीबाहेर ठेवलं. 'भर'समोर दोन स्पेलिंगं लिहिली, एच असलेलं आणि नसलेलं. तसंच 'थांब'ला. सातव्या टाकीचं शून्य पुसून कोरड्या तळावर पुन्हा लावलं. पाटी तिनं काढली नाही.

गुरुवारी ती शेवटच्या गाडीपर्यंत थांबली. कर्णिकांच्या खोलीत विश्राम फोनसमोर धुतलेला शर्ट घालून बसला होता. भरती चढली तेव्हा लाडकी ऑफिसात आली, हात पदराला पुसून कीबोर्डसमोर बसली आणि तिनं टाइप केलं: बी, ए, आर, सात. समुद्राकडे पंप वाजायला लागला. चिंतूनं त्याला काहीतरी ओरडून सांगितलं.

"बरतेय ना, बाय?"

"बरते हाय, मावशी," मंगला म्हणाली.

पंप आपला आपण थांबला. फोन वाजला नव्हता. मंगलानं मोजायची काठी घेतली आणि सात नंबरमध्ये उभी धरली.

पडद्यावर १.२०. काठीवर एक मीटर वीस सेंटिमीटर.